दुबईतील नोकरी गेल्यावर कुटुंबाला तिथे किती दिवस राहता येते?

तेरेखोलकाठ (पेडणे):
माझा धाकटा भाऊ बरोबर सहा वर्षे दुबईतील एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. महिनाअखेरीस काम संपेल, असे त्याला गेल्या आठवड्यात तोंडी सांगण्यात आले आणि दोन कागद पुढे ठेवण्यात आले: एक राजीनाम्याचा, दुसरा व्हिसा रद्द करण्याचा, ज्यावर सर्व देणी मिळाल्याचे आधीच छापलेले आहे. त्याने अजून सही केलेली नाही. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी त्याच्याच व्हिसावर आहेत. नोकरी संपताच त्यांचा मुक्काम बेकायदा ठरतो का? आईच्या डोळ्याला डोळा नाही, म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

डिचोलीकर:
ताई, आधी आईला धीर द्या, कारण तसे होत नाही. अबूधाबीत असताना मीही यातून गेलो आहे. वैध व्हिसा कामाच्या शेवटच्या दिवशी आपोआप संपत नाही. तो रद्द करावा लागतो, आणि रद्द झाल्यावरही देश सोडण्यासाठी किंवा नवी नोकरी धरण्यासाठी सवलतीची मुदत मिळते. पूर्वी ती साधारणपणे ३० दिवसांची असे. २०२२ च्या बदलांनंतर ती व्हिसाच्या श्रेणीप्रमाणे ठरते, अनेकांना ६० दिवस, तर गोल्डन व्हिसावाल्यांना १८० दिवस मिळतात. भावाने ऐकीव आकड्यावर न विसंबता व्हिसा रद्द झाल्याच्या कागदावरील तारीख पाहावी, कारण ती उलटल्यास माणशी रोज ५० दिरहम दंड लागतो.

राजीनाम्यावर मात्र त्याने मुळीच सही करू नये. कंपनी काढत असेल तर तिने लेखी नोटीस द्यायला हवी, आणि ती किमान ३० दिवसांची असते. २०२३ पासून तिथे बेरोजगारी विमा सक्तीचा आहे. सलग १२ महिने हप्ते भरलेल्याला मूळ वेतनाच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते, पण राजीनामा देणाऱ्याला काहीही मिळत नाही. दावा नोकरी संपल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो.

फोंड्याची वाचक:
डिचोलीकरांच्या म्हणण्यात हिशेबाची भर घालते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. म्हणजे सहा वर्षांचे १३५ दिवसांचे झाले. सर्व देणी १४ दिवसांत चुकती करावी लागतात. ती खात्यात जमा होण्याआधी ‘सर्व मिळाले’ या ओळीखाली सही केली, तर पुढे मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करताना तोच कागद आडवा येतो. माझ्या यजमानांच्या बाबतीत नेमके हेच घडले, म्हणून इतके कळकळीने लिहीत आहे.

वहिनी आणि मुलीचा व्हिसा भावाच्या व्हिसावर टिकून आहे, त्यामुळे त्या दोघींच्या मुदतीची तारीखही वेगळी तपासा. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला असेल तर तो आजच मागावा. तो अडकवून ठेवणे तिथे बेकायदा आहे. दाद मिळाली नाही, तर दुबईतील प्रवासी भारतीय सहायता केंद्रात जावे.

तेरेखोलकाठ (पेडणे):
आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. भावाने काल दोन्ही कागद सही न करता परत केले आणि लेखी नोटीस मागितली. ती आज सकाळी ईमेलवर आली आहे. पासपोर्ट त्याच्याजवळच आहे.