बंदूक कारखानदारांची सरकारकडची बाकी कशी मिटायची?

गोदाकाठ_नांदेड: एम.ए. इतिहासाच्या प्रबंधासाठी विचारते. एली व्हिटनीने १४ जून १७९८ ला अमेरिकी सरकारशी १०,००० मस्केट बंदुकांचा करार केला. नग १३.४० डॉलर, एकूण १,३४,०००. हिशेब मिटला १८०९ ला. एवढी वर्षं सरकारने पैसे थकवले, असं लिहू का? आणि बिल तपासायचं कोण?

बालाघाट: ताई, तसं लिहू नका, खातं उलटं होतं. सही होताच ५,००० डॉलर आगाऊ, ते तयारीवर खर्च झाल्याचं दाखवलं की आणखी ५,०००. सगळा माल सप्टेंबर १८०० पर्यंत द्यायचा होता. पहिल्या ५०० बंदुकाच सप्टेंबर १८०१ ला पोचल्या. म्हणजे तोवर वहीत कर्जदार व्हिटनीच. बीडकडच्या ऊसतोडीच्या उचलीसारखं वाचा: माल जाईल तशी उचल फिटते, मधे नवी उचल चढते. म्हणून शेवटी हाती पडले जेमतेम अडीच हजार डॉलरच्या आसपास. तेवढाच आकडा उचलून ‘सरकारने बुडवलं’ म्हणणारे आगाऊ रकमा मोजतच नाहीत.

औसा_किल्ला: बिलाचं सांगतो. आधी सरकारी निरीक्षक जादा दारू भरून नळी उडवून पाहणार. फुटली किंवा चीर गेली तर नग बाद, त्याचे पैसे नाहीत. पास मालाचा दाखला आणि कोठाराची पोच घेऊन बिल युद्ध खात्याच्या लेखापालाकडे. हे पद १७९२ च्या कायद्याचं. त्याच्यावर कोषागाराची फेरतपासणी. दोनदा तपासणी म्हणजे कागद तुंबणारच. ३ मार्च १८१७ च्या कायद्याने लेखापालाचं पद गेलं आणि कोषागारात पाच लेखापरीक्षक आले. १८१७ नंतरच्या निकालावर जुन्या पदाची सही शोधत बसू नका.

गोदाकाठ_नांदेड: आणि १८०८ चे करार? तेही असेच?

बालाघाट: पद्धत तीच, पैसा वेगळा. एप्रिल १८०८ च्या कायद्याने मिलिशियाच्या (राज्यांच्या नागरिक-सैनिक दलांच्या) शस्त्रांसाठी दरवर्षी २,००,००० डॉलर ठरले. भाव बहुतेक करारांत नगाला १०.७५ डॉलर. त्यात कित्येक कारखानदार पुरते अडकले, ठरलेला माल देऊ शकले नाहीत. तिथे जामीनदारांचे कागद आधी पाहा.

औसा_किल्ला: एक अडचण लक्षात ठेवा. ८ नोव्हेंबर १८०० ला युद्ध खात्याची कचेरी जळाली. १७९८ च्या करारांची मूळ फाईल तिथे मागू नका. कारखानदाराकडच्या प्रती आणि कोषागाराचा पत्रव्यवहार जुळवा. जळालेल्या कागदांच्या इतरत्र उरलेल्या प्रती आता ऑनलाइनही एकत्र केल्या आहेत.