आबांच्या वहीतला आटा-डाळीचा हिशोब छापायचा की गाळायचा?

वहीवाला: आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये साधे शिपाई. इटलीतल्या सेनिओ नदीवर मार्च-एप्रिल १९४५ मध्ये लिहिलेली त्यांची खिशातली वही सापडली. मोडीत आहे, जाणकाराकडून वाचून घेतली. घरच्यांसाठी पुस्तिका छापायची आहे. चुलतभाऊ म्हणतो, फक्त लढाईचं ठेव, बाकी कोण वाचणार? बाकी म्हणजे हे: ‘आटा भिजला. रोटी नाही, लापशी.’ ‘उवा. कपडे उकळले.’ ‘मनिऑर्डर पोचली का, पत्र नाही.’ माझं मत सगळं छापावं.

कोरडवाहू: भाऊंचं बरोबर आहे. रोज आटा-डाळ वाचून नातवंडं तिसऱ्या पानावर वही मिटतील. ९ एप्रिलला याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी नदीतून, सुरुंग पेरलेल्या काठावरून मागे आणले आणि मशीनगनची ठाणी एकट्याने उडवली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक! आबा त्याच रात्री तिथे होते, तर पुस्तिका तिथूनच सुरू करा की.

वहीवाला: ९ एप्रिलची नोंद पूर्ण देतो. ‘दुपारभर विमानं. रात्री पार. बूट ओले. गावचा नाही.’ संपलं. हा ‘गावचा’ कोण, ते कळायला मागची पानं लागतात. आबा त्याच्याशी रोज तंबाखू वाटून घेत आणि चुन्यावरून भांडत. ती पानं गाळली तर ‘गावचा नाही’ म्हणजे काय उरतं?

कोरडवाहू: बरं, चुना ठेवा. उवा तरी काढा.

शिळोप्या: मी तिसऱ्याच बाजूचा. आघाडीवर डायरी ठेवायला मनाई असायची. शिपाई पकडला गेला तर कागद शत्रूच्या हाती. म्हणजे आबांनी लढाईबद्दल लिहिणं मुद्दाम टाळलं असेल, आणि तुम्ही आता ‘साधेपणा’ म्हणून त्याचं कौतुक करताय. आटा-डाळ हेच त्यांचं मन, असं धरून चालू नका.

वहीवाला: हे डोक्यात आलं नव्हतं. तरी एक नोंद बघा: ‘बांधापलीकडे जर्मन खोकला. रात्रभर. आपल्यासारखाच खोकतो.’ नदीचे दोन्ही बांध घराएवढे उंच, जर्मनांनी त्यातच बिळं केलेली. अंतर किती कमी होतं ते या खोकल्यावरून कळलं मला, कुठल्याही नकाशावरून नाही.

माजघर: पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून आपल्या शिपायांनी पाठवलेली पत्रं सेन्सॉर वाचायचे. कितीतरी पत्रं लेखनिकाकडून लिहून घेतलेली, त्यात ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी शिपाई, ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे, अशी सांकेतिक भाषा. स्वतःच्या हातची, कुणाला न दाखवायची वही त्यामानाने सोनं आहे. पण वहीवाले, ती न दाखवायचीच होती ना? आजींना विचारलंत?

वहीवाला: आजी नाही आता. आत्याला विचारलं. ती म्हणाली, “छाप. फक्त मनिऑर्डरीचं काढ. ती पोचली होती, आईनं कळवलं नव्हतं.”

कोरडवाहू: मग तेवढं काढायचं नाही. उवांवरचा हट्ट सोडला मी.