पत्नी लेहला नेमणुकीवर : मुलांच्या संध्याकाळविषयी मदत हवी आहे

नमस्कार. माझी पत्नी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी असून सध्या सुमारे 3,500 मीटर उंचीवरच्या लेह येथे तिची नेमणूक आहे, आणि पुण्यात दोन्ही मुलांचे सगळे मीच पाहतो. डबे, वेण्या, रिक्षाकाकांची वेळ हे अंगवळणी पडले आहे. खरी अडचण संध्याकाळची आहे. तिचा फोन ड्यूटीप्रमाणे कधी सातला, तर कधी दहाला येतो, आणि तोवर बालवाडीतला धाकटा पानावर बसत नाही. माझा मोबाइल पोटाशी धरून दाराजवळ बसून राहतो. त्याला वाट पाहू द्यावी, की जेवणझोपेच्या वेळा पक्क्या ठेवून तिने रेकॉर्ड केलेली गोष्ट रोज ऐकवावी? मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, पण त्यामुळे आई आणखी दुरावल्यासारखे त्याला वाटेल का? सैन्यातील कुटुंबांनी कृपया आपला अनुभव सविस्तर कळवावा.