वडिलांचे मृत्युपत्र आणि बहिणींचा वाटा

प्रश्न (खानापूर तालुका): वडील वारल्यावर थोरल्या दादाने नोंदणी नसलेले मृत्युपत्र पुढे केले असून, त्यात शेत व घर त्याच्याच नावे आहे. शेत पणजोबांपासून एकत्र कुटुंबात चालत आलेले. घर वडिलांनी स्वकमाईने बांधले. आम्हा दोघी बहिणींचा हक्क संपला का?

उत्तर: ताई, नोंदणी नाही एवढ्यावरून मृत्युपत्र रद्द ठरत नाही, मात्र किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. स्वकष्टार्जित घर वडील कोणालाही देऊ शकत होते. शेत खरोखर एकत्र कुटुंबाचे असेल, तर त्यातला केवळ स्वतःचा हिस्सा त्यांना देता येत होता, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनुसार मुलगीही जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकीच वाटेकरी, आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते अधिक स्पष्ट केले.

उत्तर: उताऱ्यावर दादाचे नाव चढले तरी खचू नका, त्या नोंदीने मालकी ठरत नाही. हक्कसोडपत्रावर मात्र सही करू नका. माझ्या आत्याने कन्नडमधला कागद वाचून न घेता सही केली आणि वाटा गमावला, याचे दुःख आम्हाला आजही आहे.

प्रश्नकर्ती: साक्षीदारांपैकी एक गावातलेच काका आहेत. दादाशी बोलण्याआधी त्यांना भेटते.