माळ्यावरची पेटी: आजीच्या ओव्यांची टेप, भातुकली आणि 'किशोर'चे अंक

माहेरवाशीण, वेंगुर्ला
चतुर्थीच्या साफसफाईला माहेरी आलेय. माळ्यावरून माझी पत्र्याची पेटी काढली. आत सावंतवाडीची लाकडी भातुकली, 'किशोर'चे जुने अंक, थोडे 'चांदोबा' आणि कॅसेटी. त्यातली एक विकतची नाही. आजी जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, त्या काकांनी कोऱ्या कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. आजी जाऊन बरीच वर्षं झाली आणि तिचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय, म्हणून अजून लावली नाही. लावायला हात शिवशिवतात, पण भीती वाटते.

भातुकलीचा लाल-पिवळा रंग अजून तसाच चकचकीत आहे. पाटा आहे, वरवंटा हरवलाय. ही खेळणी मला काचेच्या कपाटात ठेवायची नाहीत, माझ्या मुलीने त्यांच्याशी खेळावं असं फार वाटतं. धुतली तर चालतील का? आणि अंकांना कसर लागलीय, त्याचं काय करू?

टेपवाला, रत्नागिरी
लावली नाहीत हे फार बरं केलंत. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे चौकोन बघा. शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही.

बाकी काम पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावरच. कॅसेट स्क्रूची असेल तर उघडून दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कव्हरात बसवता येतात. जुन्यातली फेल्टची इवलीशी गादी बहुतेक वेळा गळून पडलेली असते, ती नसली की आवाज दबका येतो. बुरशी मऊ कोरड्या कापडाने, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर बसून काढायची. टेपची रुंदी चार मिलिमीटरसुद्धा नसते, घाई केलीत तर दुमडते. मग एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या आणि पहिल्यांदा वाजवतानाच संगणकावर उतरवा. वेव्ह फाइल ठेवा, त्यात आवाज न दाबता पूर्ण राहतो; लहान आकाराची एमपीथ्री त्यातून नंतर कधीही करता येते.

सावंतवाडकर
खेळणी पाण्यात बुडवू नका, लाकूड फुगतं. ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा. लाखेचा रंग असेल तर तो फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून चढवलेला असतो. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून बसते, म्हणून इतकी वर्षं चमक टिकते. मात्र ऑइलपेंट असेल तर सांभाळा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, वस्तू तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाला देऊ नका. वरवंट्यासाठी पाटा घेऊन सावंतवाडीच्या चितार आळीत, खेळणी करणाऱ्यांकडे या, मापाचा करून मिळतो का ते विचारू.

मालवणची
माका पण असोच डबो गावलेलो गो! कसरीसाठी अंक थेट उन्हात टाकू नकोस, कागद पिवळा पडून तुटतो. हवाबंद पिशवीत घालून दोनेक आठवडे फ्रीझरमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, गारवा जाऊ दे, नाहीतर पाणी सुटतं. नंतर सोबत वेखंडाची पुरचुंडी. 'किशोर' 1971पासून निघतंय आणि बालभारतीने जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवलेत. मुलीला तिथून वाचून दाखव, कागदाला त्रास नको.

माहेरवाशीण, वेंगुर्ला
सगळ्यांचे मनापासून आभार. चौकोन काकांनी तेव्हाच मोडलेले आहेत! मुलगी सात वर्षांची आहे, तोंडात काही घालत नाही. ती पाटा पुसायला बसलीसुद्धा. टेपवालादादा, कॅसेट स्क्रूची आहे, पण ती उघडायला माझा हात धजत नाही. दिवाळीनंतर रत्नागिरीला आणली तर तुम्ही उतरवून द्याल का? कुरिअरने पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येईन.