प्रति: सोळा कॅमेऱ्यांचं चित्र अडकतंय, नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?
'महागडं कार्ड टाका' असा सल्ला वर आलाय, पण थोडं थांबा. आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीत हेच झालं होतं. वॉचमन केबिनमधल्या पीसीवर सोळाही खिडक्या उघडल्या की सीपीयू (प्रोसेसर) १०० टक्क्यांवर, आणि गेटमधून येणारी गाडी उड्या मारत सरकायची. नंबरप्लेट दिसणार कशी?

आधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) 'व्हिडिओ डिकोड' आलेख बघा. तो शून्यावर असेल तर सगळा भार प्रोसेसर एकटा वाहतोय. डिकोडिंग, म्हणजे कॅमेऱ्याकडून दाबून आलेला व्हिडिओ उलगडणं, हे काम ग्राफिक्स चिपमधला वेगळा भाग करतो, गेमिंगची ताकद तिथे फारशी कामाला येत नाही. आमचे कॅमेरे एच.२६५चे (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत), प्रोसेसर इंटेलचा चौथ्या पिढीचा. इंटेलमध्ये एच.२६५चं पूर्ण हार्डवेअर डिकोडिंग २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आलं. म्हणून कॅमेरे आमच्या चिपला झेपणाऱ्या जुन्या एच.२६४ पद्धतीवर आणले आणि व्ह्यूअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू केलं. एच.२६४ व्हिडिओ कमी दाबतं, त्यामुळे हार्ड डिस्क लवकर भरते, ते समितीला आधीच सांगा.

खरा फरक मात्र सब-स्ट्रीमने पडला, म्हणजे कॅमेरा पूर्ण चित्रासोबत (मेन स्ट्रीम) पाठवतो ती कमी रिझोल्यूशनची दुसरी प्रत. १९२०×१०८० च्या मॉनिटरवर सोळा खिडक्या म्हणजे प्रत्येकी जेमतेम ४८०×२७०. तिथे फुल एचडी कशाला? खिडक्यांमध्ये सब-स्ट्रीमच दाखवा. रेकॉर्डिंग मेन स्ट्रीमवरच ठेवा, एखादी खिडकी मोठी केली की तेवढीच मेन स्ट्रीमवर जाऊ द्या.

कार्ड घेतलंच, तर ते बसवल्यावर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) प्रोसेसरचं स्वतःचं ग्राफिक्स बंद झालं नाही ना, तेवढं तपासा; नाहीतर त्याचं डिकोडिंग वापरता येणार नाही. तुमचा प्रोसेसर नेमका कोणता?