'साँग्ज फ्रॉम द वुड'ची गोडी नेमकी कशात आहे?

रानवाट: ब्रिटिश रॉक बँड जेथ्रो टलचा 'अ‍ॅक्वालंग' पाठ आहे, पण त्यांचाच १९७७चा अल्बम 'साँग्ज फ्रॉम द वुड' काही केल्या पकडीत येत नाही. फोनवर सगळी वाद्यं एकमेकांत मिसळतात आणि 'रिंग आउट, सॉल्स्टिस बेल्स'वर टाळी हमखास चुकते. कुठून सुरुवात करावी? आणि आवृत्ती कुठली ऐकावी?

मात्रामोजणी: टाळी चुकते कारण तुम्ही आठपर्यंत मोजताय. कडव्यांचा ठेका सात मात्रांचा आहे. सात मात्रांच्याच रूपक तालाची सवय असेल तर घोटाळा वाढतो: रूपकात समेवरच (पहिल्या मात्रेवर) खाली, म्हणजे टाळीविना मात्रा, असते, इथे पहिल्या मात्रेवर सरळ वजन पडतं. त्यामुळे ३-२-२ असे खंड पाडत बसू नका. आधी फक्त 'एक'वर टाळी द्या आणि उरलेल्या सहा बोटांवर मोजा. ते हातात बसलं की मधले आघात वेगळे ऐकू येऊ लागतात.

हे गाणं १९७६च्या अखेरीस ख्रिसमससाठी ईपीवर (मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकडीवर) आधीच आलं होतं आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या तिसांत पोचलं. सात मात्रांचं गाणं लोक सहज गुणगुणत होते! माझ्या मते अल्बमची खरी ताकद हीच. अवघड ते सगळं चालीच्या पोटात आहे, ऐकणाऱ्याच्या अंगावर फेकलेलं नाही.

पितळीबासरी: फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकूच नका. जॉन ग्लासकॉकचा बेस त्यात जवळजवळ नाहीसा होतो आणि डावी-उजवी बाजू एक होते. दोन्ही कानांना हेडफोन लावा, शफल बंद ठेवा.

सुरुवात 'जॅक-इन-द-ग्रीन'ने करा. जेमतेम अडीच मिनिटांचं आहे आणि त्यातली सगळी वाद्यं बँडचा गायक आणि बासरीवादक इयान अँडरसनने एकट्याने वाजवली आहेत, त्यामुळे मांडणी विरळ आहे. मग शीर्षकगीत: आधी वाद्यांविना थराथराने लावलेले आवाज, नंतर एकेक वाद्य आत येतं. त्यानंतर 'व्हेल्व्हेट ग्रीन', सहा मिनिटांचं. यात दर वेळी एकाच वाद्याचा माग धरा, पहिल्यांदा कीबोर्ड, मग गिटार, मग तालवाद्यं. बॅरीमोर बार्लोच्या नावापुढे ड्रम्सखेरीज मरिंबा, ग्लॉकेनस्पील (दोन्ही काठ्यांनी वाजवायची पट्ट्यांची वाद्यं), टेबर (छोटा ढोल) आणि नेकर्स (मध्ययुगीन जोडनगारा) लिहिलेले आहेत. गिटारवादक मार्टिन बारच्या नावावर ल्यूट (जुनं तंतुवाद्य) आहे, कीबोर्ड वाजवणाऱ्या डी पामरच्या नावावर पोर्टेटिव्ह ऑर्गन (उचलून नेता येणारा छोटा ऑर्गन). पामरचं शिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमधलं, आणि ते मांडणीत जागोजागी जाणवतं.

एक सूचना: अँडरसनच्या बासरीत आपल्या बासरीची मींड शोधू नका. कळा (कीज) असलेल्या धातूच्या बासरीत तशी घसरण सहज निघत नाही. जिभेचे आघात आणि फुंकता फुंकता गुणगुणणं, हे त्याचं बळ.

जुनीतबकडी: वरच्या दोघांशी सहमत, पण याला 'लोकगीतांचा अल्बम' समजून ऐकलं तर निराशा होईल. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडच्या 'लीज अँड लीफ'मध्ये (१९६९) 'मॅटी ग्रोव्ह्ज', 'टॅम लिन' अशी जुनी पारंपरिक गाणी विजेच्या वाद्यांवर घेतली होती. इथे एकही गाणं पारंपरिक नाही. मे महिन्यातला पानांनी मढलेला 'जॅक', हिवाळ्यातला अयनदिन, असे इंग्लंडच्या लोकश्रद्धेतले विषय घेऊन अँडरसनने गाणी नव्याने रचली, बार आणि पामरने त्यांत भर घातली. म्हणूनच ती संग्रहालयातली वाटत नाहीत.

आवृत्तीबद्दल: वाद्यं सुटी ऐकायची असतील तर २०१७चं संगीतकार स्टीव्हन विल्सनचं रिमिक्स (नव्याने केलेलं मिश्रण) घ्या, 'द कंट्री सेट' नावाच्या संचात आहे. २००३च्या सीडीवर मूळचं मिश्रण रिमास्टर केलेलं आहे, आवाज जास्त एकजीव. तुमची तक्रार पाहता आधी विल्सन.

रानवाट: आभार. त्यातलं 'पिब्रॉक' हे गाणं मात्र फार लांबतं. गाळलं तर चालेल?

पितळीबासरी: पहिल्या आठवड्यात गाळा, कायमचं नको. साडेआठ मिनिटांचं आहे आणि सुरुवातीला बारची इलेक्ट्रिक गिटार स्कॉटिश बॅगपाइपसारखी संथ, ताणून वाजते. रॉकचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) येईल म्हणून वाट पाहिली की कंटाळा येतो. त्याआधीचं 'द व्हिस्लर' जलद आहे, ते ऐकून लगेच हे लावा आणि मधल्या नाचाच्या तुकड्यापर्यंत थांबा. तो तुकडा संपून मूळ संथ चाल परत येते, तेव्हा लांबी का लागली ते कळतं.

मात्रामोजणी: आणि पुढचं 'फायर ॲट मिडनाइट' त्याला जोडूनच ऐका. अडीच मिनिटांचं साधं गाणं आहे, पण 'पिब्रॉक'नंतरच त्याचा ऊबदारपणा पोचतो.